आज तुम्ही नाही

आमच्या साहेबांना कोणी 'सगळं व्यवस्थित चाललंय' असं सांगितलं की त्यांचा चेहरा उतरायचा. दुसऱ्या कुठल्याही ऑफिसात हे वाक्य ऐकून साहेब लोक खूश होतात, चहा मागवतात. आमचे साहेब उठायचे, आतल्या खोलीत जायचे आणि कुठली तरी वायर उपटून यायचे. मग दारात उभे राहून शांतपणे विचारायचे, "आता?"

मी तिथे नोकरीला लागले तेव्हा रायपूर नव्या छत्तीसगढ राज्याची नुकतंच राजधानी झालं होतं. राजधानी झाली म्हणजे आम्हा ब्राह्मणपाऱ्यात, इथल्या जुन्या मराठी वस्तीत, वाढलेल्यांच्या दृष्टीने एवढंच झालं, की लाल दिव्याच्या गाड्या वाढल्या, घरभाडी वाढली आणि ज्या रस्त्याने जावं तो खोदलेला सापडू लागला. आमचं ऑफिस पंडरीच्या बाजारात, कपड्याच्या एका गोदामाच्या वरच्या मजल्यावर होतं. जिन्यात साड्यांचे गठ्ठे रचलेले असायचे आणि त्यातून अंग चोरत वर जावं लागायचं. काम मात्र मोलाचं होतं. रायपूर, भिलाई, दुर्ग, राजनांदगाव, धमतरी इथल्या रक्तपेढ्या कॉम्प्युटरने एकमेकींना जोडलेल्या होत्या. कुठल्या गटाची बाटली कुठे शिल्लक आहे हे आमच्या मशीनला कळायचं. हॉस्पिटलने मागितली की ती त्या रुग्णाच्या नावावर राखून ठेवायची. बाटल्या जाऊन पिशव्या आल्याला जमाना झाला होता, पण सगळे बाटलीच म्हणत. आमच्या भागात सिकलसेलचे, म्हणजे वारंवार रक्त चढवावं लागणारे, रुग्ण पुष्कळ, त्यामुळे फोनला उसंत नसे.

मुख्य मशीन आमच्या आतल्या खोलीत होतं आणि त्याचं जुळं भावंड भिलाईत. आमच्या मशीनमध्ये जे लिहिलं जाई ते लगेच तिकडेही उमटे. आमचं पडलं तर भिलाईचं उभं राहावं, अशी सोय. साहेबांची सगळी हयात या 'पडलं तर'मध्ये गेली होती. ते मूळचे वर्ध्याकडचे. पूर्वी रेल्वेच्या टेलिफोन खात्यात होते, तिथून लवकर निवृत्ती घेऊन इथे आले होते. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. साहेबांचं तोंड कधी पोळल्याचं ऐकिवात नव्हतं, तरी ते पाणीसुद्धा फुंकून पीत.

त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीची जोडी होती. एक चष्मा नाकावर, दुसरा स्कूटरच्या डिक्कीत. छत्री असताना रेनकोट. तात्यापाऱ्यातल्या घराकडे जायचे दोन रस्ते त्यांनी ठरवून ठेवले होते आणि ते एकाआड एक वापरत, कारण न वापरलेला रस्ता ऐनवेळी बंद निघतो. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, मला एकदा म्हणाल्या होत्या की लग्न एकदाच केलं हेच नशीब म्हणायचं. काकूंच्या लोणच्याच्या बरण्यासुद्धा ते अधूनमधून उघडून चव घेत. लोणचं घातलं म्हणून भागत नाही, ते टिकलंय का हे खाऊन पाहावं लागतं, असं त्यांचं म्हणणं. ऑफिसातल्या टेपचंही तसंच. आमचा तंत्रज्ञ साहू रोज संध्याकाळी इमानदारीने टेपवर सगळी माहिती उतरवून कपाटात ठेवायचा आणि 'बॅकअप हो गया सर' म्हणायचा. साहेबांनी एके दिवशी कपाटातली एक टेप उचलली आणि म्हणाले, वापस लाके दिखाओ. टेप कोरी निघाली. मग दुसरी काढली, तीही कोरी. यंत्राचं डोकं कधीच बिघडलं होतं आणि साहू बिचारा रोज कोऱ्या टेपांना हळदीकुंकू लावून कपाटात बसवत होता. साहेब त्याच्यावर रागावले नाहीत. फक्त त्या दिवसापासून 'बॅकअप झाला' हे वाक्य आमच्याकडे बंद झालं, 'परत आला' एवढंच म्हणायचं.

माझं लग्न ठरलं तेव्हा होणारा नवरा पत्रिका द्यायला ऑफिसात आला. साहेबांनी त्याला बसवलं, पाणी दिलं आणि पहिला प्रश्न विचारला, स्वयंपाक येतो का? तो इथलाच, रायपुरात वाढलेला. मराठी समजायचं पण उत्तर हिंदीतून यायचं. म्हणाला, "अंकल, चाय बना लेता हूँ।" साहेबांनी गंभीरपणे मान हलवली. ही तापाने पडली तर चहावर किती दिवस काढणार, असं त्यांनी विचारलं. मी शरमेने पंख्याकडे पाहत बसले. आज आमच्या घरी वरणभात माझ्यापेक्षा तो बरा करतो, हे कबूल केलंच पाहिजे.

खड्ड्याची गोष्ट तर पंडरीत बरेच दिवस सांगितली जात होती. भिलाईला जाणाऱ्या आमच्या दोन लाइनी होत्या, दोन वेगळ्या कंपन्यांच्या. एक तुटली तर दुसरी. दोन्ही कंपन्यांनी शपथेवर सांगितलं होतं की आमचा मार्ग निराळा. साहेबांचा विश्वास बसेना. भर उन्हात छत्री घेऊन ते केबलच्या मागोमाग पायी निघाले, दुकानदारांना विचारत, झाकणं उघडायला लावत. एका चौकात रस्ता खोदलेला होता. साहेब त्या खड्ड्यात उतरले. तिथे दोन्ही कंपन्यांच्या केबली एकाच नळीतून, सख्ख्या बहिणी मेळ्याला निघाव्यात तशा, बिलगून चालल्या होत्या. साहेबांनी खोदणाऱ्या मशीनच्या ड्रायव्हरला हात करून थांबवलं, त्याला चहा पाजला आणि समोरच्या दुकानातून कंपनीला फोन लावला. मग पुन्हा खड्ड्यात उतरले आणि कंपनीचा माणूस येईपर्यंत बाहेर आले नाहीत. पुढे एक लाइन गावाला वळसा घालून दुसरीकडून आली. मग पावसाळ्याआधी त्याच चौकात पुन्हा खोदकाम झालं, जुनी केबल तुटली, आणि आम्हाला पत्ताच लागला नाही. काम चालू राहिलं. कोणाला काही कळलं नाही, याहून मोठा सत्कार साहेबांना माहीत नव्हता. त्या दिवशी त्यांनी सगळ्यांना जिलेबी खाऊ घातली.

पण ज्या गोष्टीसाठी लोक त्यांना चक्रम म्हणत, ती वेगळीच. आमच्या व्हरांड्यात एक वेताची खुर्ची होती. मनात येईल त्या सकाळी साहेब आमच्यापैकी कोणाच्या तरी टेबलाशी उभे राहत आणि सांगत, "आज तुम्ही नाही." म्हणजे त्या माणसाने उठून व्हरांड्यातल्या खुर्चीत जाऊन बसायचं. चहा मिळेल, पेपर मिळेल, पण कामाबद्दल एक अक्षर बोलायचं नाही. कोणी विचारायला आलं तरी नाही. तो माणूस नाहीच, असं धरून बाकीच्यांनी दिवस काढायचा. मशीन पडलं तर काय हे सगळेच पाहतात, माणूस पडला तर काय हे कोणी पाहत नाही, असं त्यांचं म्हणणं. साहूच्या आईला हे अशुभ वाटे. तिने एकदा ऑफिसात येऊन साहेबांना छत्तीसगढीत चांगलं सुनावलं होतं. साहेब 'हव दाई, हव दाई', हो आई, हो आई, म्हणत ऐकत राहिले आणि दुसऱ्याच दिवशी साहूला पुन्हा खुर्चीत बसवलं.

माझी पाळी आली तेव्हा तासाभरातच काम अडलं. रक्तपेढ्यांकडून दुपारी येणारी माहिती कुठल्या क्रमाने घ्यायची हे माझ्या डोक्यात होतं, कागदावर नव्हतं. आत धावपळ चालली होती, साहू काचेतून माझ्याकडे केविलवाणा पाहत होता आणि मी पेपर तोंडापुढे धरून बसले होते. खरं सांगते, मला गंमत वाटत होती. माझ्यावाचून अडतं हे पाहून आतून गुदगुल्या होत होत्या. साहेबांनी ते ओळखलं. जवळ येऊन हळूच म्हणाले, "तू खूश होऊन राहिली पोट्टी. तुह्यावाचून अडलं म्हणजे तू मोठी नाही झाली. तू रस्त्यात उभी आहेस." मला इतका राग आला की दोन दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही. मग बसून सगळं लिहून काढलं.

एवढं असून साहेब स्वतः त्या खुर्चीत कधी बसले नाहीत. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं मी साहूला समजावून सांगितलं तेव्हा तो पोट धरून हसला होता. पण साहेबांपाशी कारण होतं. आमचं मशीन पडल्यावर भिलाईच्या मशीनला 'आता तू मुख्य' हे सांगायचा हुकूम फक्त त्यांचा. कारण मशीन खरोखर पडलंय की नुसतं दिसेनासं झालंय, हे ठरवणं अवघड असतं. दोन्ही मशीनं स्वतःला मुख्य समजायला लागली तर एकच बाटली दोन रुग्णांच्या नावावर लागेल. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. रेल्वेतला माणूस तो, म्हणायचा की गाडी थांबली तरी चालते, दोन गाड्या एका रुळावर येऊ नयेत. म्हणून हा एक निर्णय त्यांनी आपल्या हातात ठेवला होता, आणि त्यापायी ते रायपूरबाहेर पाऊल टाकत नव्हते.

हे किती अंगाशी आलंय, ते मला काकूंकडून कळलं. एप्रिलच्या शेवटी एका दुपारी त्या आमच्या घरी आल्या. साहेबांच्या छातीत कळा येत होत्या, इथल्या डॉक्टरांनी तपासून नागपूरला जाऊन बायपास करून घ्या, उशीर करू नका असं बजावलं होतं. साहेब आज-उद्या करत होते. ऑफिसात आम्हाला कोणाला गंधवार्ता नव्हती. काकू पदराने घाम टिपत म्हणाल्या, "तुमच्याकडे दोन दोन मशीनी आहेत बाई. माह्याकडे एकच माणूस आहे." त्यांनी मला काही करायला सांगितलं नाही. पन्हं प्यायल्या आणि रिक्षा करून गेल्या.

मला त्या माणसाचा संताप आला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सरळ त्यांच्या टेबलाशी जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "साहेब, आज तुम्ही नाही."

साहूच्या हातातला पेचकस खाली पडला. साहेबांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. काकू माझ्याकडे येऊन गेल्या हे त्यांना तेव्हाच समजलं असावं. मग त्यांनी चष्मा पुसला, खिशातल्या किल्ल्या काढून माझ्यापुढे ठेवल्या आणि व्हरांड्यात जाऊन बसले. शाळेत नव्याने घातलेल्या मुलासारखे, दोन्ही हात मांडीवर ठेवून.

माझा विचार एवढाच होता की दिवस सुरळीत गेला की त्यांना म्हणावं, पाहा, आता जा नागपूरला. पण दुपारी लाइट गेली. मे महिन्याच्या तोंडाशी पंडरीत लाइट जाणं नवं नाही. मशीनला जोडलेल्या बॅटऱ्यांनी दम धरायला हवा होता, तो त्यांनी धरला नाही आणि आतलं मशीन बंद पडलं. साहू माझ्या तोंडाकडे पाहू लागला. मी भिलाईला फोन लावला आणि साहेब देत तो हुकूम दिला. भिलाईचं मशीन मुख्य झालं, तिथून मागण्या सुटायला लागल्या. इतकं सोपं होतं. मी काचेतून व्हरांड्याकडे पाहिलं, शाबासकी मिळाल्यासारखी. साहेब मान वळवून पंख्याकडे पाहत होते.

थोड्या वेळाने लाइट आली, आणि आतल्या खोलीतून मशीनचा घूं असा आवाज ऐकू आला. साहू खूश झाला. "आ गया दीदी, अपने आप आ गया।" मलाही बरंच वाटलं. मग दुर्गच्या रक्तपेढीतून फोन आला. तिथली बाई वैतागली होती. बी निगेटिव्हची एकच बाटली आहे, ती भिलाईने राजनांदगावला लावली आणि तुम्ही धमतरीला, दोन ठिकाणी कशी पाठवू? राजनांदगावला बाळंतीण होती, रक्तस्राव थांबत नव्हता. धमतरीला सिकलसेलचं लेकरू होतं.

लाइट आल्याबरोबर आमचं मशीन आपणहून उठलं होतं आणि काही घडलंच नाही अशा थाटात पुन्हा मुख्य होऊन बसलं होतं. दोन्ही मशीनं कारभार करत होती. मी वळले तर व्हरांड्यात साहेब उभे राहिले होते. एक हात खुर्चीच्या पाठीवर, तोंड अर्धवट उघडं. मी आतल्या खोलीकडे धावले आणि मशीनचा प्लग भिंतीतून ओढून काढला. बाहेर आले तेव्हा साहेब पुन्हा बसलेले होते.

नंतरचं काम मशीनचं नव्हतं. दुर्गहून राजनांदगाव जवळ म्हणून बाटली तिकडे जाऊ दिली. धमतरीच्या लेकरासाठी साहू आणि मी दोन फोन घेऊन बसलो आणि जुन्या पद्धतीने एकेका रक्तपेढीला विचारत सुटलो. रायपुरातच एका ठिकाणी सकाळी कोणी तरी त्याच गटाचं रक्त देऊन गेलं होतं. तपासणी झाली होती, पण कॉम्प्युटरवर चढवायचं राहिलं होतं. साहू स्वतः टॅक्सीत बसून ते घेऊन धमतरीला गेला. संध्याकाळी त्याचा फोन आला, लेकराला रक्त चढतंय. राजनांदगावची बाळंतीणही धोक्याबाहेर होती. मग मी व्हरांड्यात गेले, साहेबांसमोर जमिनीवरच बसले आणि रडले.

रडून झाल्यावर राग आला. म्हटलं, "लेकराच्या जिवाचा प्रश्न होता साहेब. तुम्ही बोलले काहून नाही?"

"बोलणार होतो. उठलो होतो ना. तेवढ्यात तू प्लगकडे धावली," ते म्हणाले. मग आपल्याच हाताकडे पाहत त्यांनी उलगडा केला. मशीन पडलं की भिलाईला फोन करण्याआधी ते दरवेळी आत जाऊन येत. आम्हाला वाटे, सवयीने एक नजर टाकायला जातात. ते जाऊन प्लग काढत होते, म्हणजे लाइट आली तरी मशीन आपणहून उठू नये. आमच्या सगळ्यांच्या डोक्यातलं त्यांनी बाहेर काढलं होतं, हे मात्र त्यांच्या हातातच राहून गेलं होतं. "मी कोणाले सांगितलंच नाही," ते म्हणाले. "मले सोतालेच माहीत नव्हतं, मी हे करतो म्हणून. तुम्ही मले पहिलेच बसवायले पाहिजे होतं इथं."

"मग आता जाता का नागपूरले?"

"जातो," ते म्हणाले. लहान मुलाने औषध प्यायला तयार व्हावं तसं म्हणाले. पण आधी कागद मागून घेतला, प्लगचं ठळक अक्षरांत लिहिलं, आतल्या दारावर चिकटवलं आणि माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतलं. त्याच आठवड्यात काकू त्यांना घेऊन नागपूरला गेल्या. मी स्टेशनवर गेले होते. खिडकीतून ते मला बॅटऱ्या बदलायची आठवण करत होते आणि काकू त्यांच्या मागे बसून मला हात जोडत होत्या.

ऑपरेशन चांगलं झालं. पण डॉक्टरांनी जिना चढणं आणि धावपळ बंद केली, आणि गठ्ठ्यांच्या त्या जिन्याने साहेब पुन्हा वर आले नाहीत. पावसाळ्यात ते तात्यापाऱ्याला परत आले तेव्हा मी भेटायला गेले. बरेच वाळले होते. दिवाणावर लोडाला टेकून बसले होते, अंगावर शाल. मी फळं ठेवली, इकडचं तिकडचं झालं. मग त्यांनी विचारलं, मी नसताना काही अडलं?

मी मोठ्या अभिमानाने सांगितलं, नाही साहेब, काहीच नाही. दोनदा आमचं मशीन पडलं, दोनदा भिलाई उभं राहिलं, बाहेर कोणाला कळलंसुद्धा नाही. साहू आता एकट्याने सगळं करतो. मला वाटलं, याहून गोड बातमी त्यांना दुसरी नसेल. ते 'वा' म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं, "काहीच नाही?"

"काहीच नाही."

त्यांनी मान हलवली आणि शाल नीट करत खिडकीबाहेर पाहू लागले. मी निघाले. काकू मला सोडायला फाटकापर्यंत आल्या, इकडेतिकडे पाहून हळू आवाजात म्हणाल्या, "येवढी शिकलेली पोट्टी तू. एखादं अडलं होतं म्हणून सांगायले काय झालं होतं तुले?"

मी घरी येईपर्यंत ते वाक्य माझ्या कानात राहिलं. खोटं बोलणं मला जमत नाही, आणि त्यांच्याशी तर मुळीच जमलं नसतं. पण पुढच्या रविवारी मी एक कागद घेऊन गेले. म्हटलं, साहेब, जरा अडचण आहे. धमतरीची लाइन मध्येच संथ होते, कुठून पाहायला सुरुवात करू? साहेब ताठ बसले. काकूंना दुसरा चष्मा आणायला सांगितलं, माझ्या हातातला कागद घेतला, त्यावर रेघा काढल्या, चौकोन काढले. रेल्वेतल्या दोन गोष्टी सांगितल्या. हे तपास, मग ते तपास, तरी नाही झालं तर खड्ड्यात उतर. त्यांच्या गालांवर रंग आला होता. काकूंनी दोनदा चहा केला. ऊन ओसरीवरून पार गेलं तेव्हा त्यांनी पेन बंद केलं, कागद घडी करून माझ्या हातात दिला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"हे तुले माहीत होतं," ते म्हणाले.

हो म्हटलं.

ते शाल बाजूला सारून म्हणाले, "पुढच्या रविवारी ये. पण जरा कठीण आण."